ढगबाईची लाट

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या धुलाईघरात तिला सगळे ढगबाई म्हणत. चादर गरम रुळांतून बाहेर आली की वाफेचा लोट उठायचा, आणि त्या लोटातून आधी तिचे हात, मग चष्मा आणि मग उरलेली ती, अशी हप्त्याहप्त्याने प्रकट व्हायची. पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. चादरीचं टोक हातात धरल्याधरल्या तिची तंद्री लागायची, म्हणून. समोरचं टोक धरणारी तिची जोडीदारीण, अंगाने धिप्पाड आणि तोंडाने सैल बाई, चादरीला एक झटका द्यायची.

"ढगबाई, उतरा खाली. घडी घालायचीय."

ती उतरायची. पुन्हा कधी वर गेली ते मात्र तिचं तिलाच कळायचं नाही.

पन्नाशी उलटली होती. लग्न केलं नव्हतं, आई होती तोवर आईजवळ राहिली आणि आई गेल्यावर त्याच दोन खोल्यांत एकटी. खिडकीतून समोरच्या गच्च्या दिसत, गच्च्यांवरच्या टाक्या दिसत आणि त्यांच्यावर बसलेली कबुतरं. तक्रार कशाचीच नव्हती. मग एका सकाळी उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला, तिने ओठ दाबून धरले, आणि निकाल लागला: चादरी बंद, घरी बसायचं.

घरी बसणं तिला माहीतच नव्हतं. पहिले काही दिवस तिने डाव्या हाताने कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली. मग हात टेकले आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून कबुतरं बघत बसली.

तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी लिफ्ट तपासायच्या कामावर होता. चांगला उंचापुरा, केस पिकायला लागलेला. पण ती त्याला अजून बारक्याच म्हणायची. बहीण नुसती बसून आहे हे कळल्यावर तो एक खोकं बगलेत मारून आला.

"हे काय आणलंस?"

"माझा जुना गेमचा कन्सोल. मी आता कॉम्प्युटरवर खेळतो, हा पडूनच होता. टीव्हीला जोडून देतो."

"अरे, मी काय लहान आहे का खेळायला?"

"ताई, याला फक्त अंगठे लागतात. खांदा नाही लागत."

गेममध्ये एक जग होतं, सगळं ठोकळ्यांचं. ठोकळ्यांच्या टेकड्या, ठोकळ्यांचं रान, आणि या सगळ्याला वळसा घालून संथ पसरलेलं पाणी. मारामारी बंद ठेवायची सोय होती. ती बारक्याने आधीच करून ठेवली. हवं तर घर बांधा, हवं तर नुसतं भटका. पहिल्या संध्याकाळी ती नुसती भटकली. सूर्य बुडाला, पाणी तांबूस झालं, आणि तिच्या लक्षात आलं की खोलीतला दिवा लावायचाच राहिला आहे.

त्या जगात यंत्रंही करता येत. तार होती, खटका होता, आणि एक हात असलेला ठोकळा होता. तारेतून शक्ती आली की तो आपला हात पुढे करून समोरचा ठोकळा सरकवायचा, शक्ती गेली की मागे ओढून घ्यायचा. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं. तिने त्याचं नाव ढकल्या ठेवलं आणि बारक्याही मग ढकल्याच म्हणू लागला.

बारक्याने आपल्या कॉम्प्युटरवर एक लाट केली होती. पाण्याच्या काठाने लांबच लांब दगडी धक्का, त्यावर पांढऱ्या ठोकळ्यांची रांग, प्रत्येक ठोकळ्याखाली एक ढकल्या. खटका दाबला की रांगेतून एक उंचवटा धावत जायचा. ठोकळे उठायचे नि बसायचे, उठायचे नि बसायचे, पार टोकापर्यंत. त्याने तिला व्हिडिओ पाठवला. ती तो बघतच राहिली. चहा निवून त्यावर साय धरली.

"मला ही करायचीय," तिने फोनवर सांगितलं.

"कर की. व्हिडिओत सगळं दिसतंय. जसंच्या तसं उतरव, झालं."

तिने जसंच्या तसं उतरवलं. व्हिडिओ थांबवत, मागे घेत, एकेक तार पाहून. मग श्वास रोखून खटका दाबला. लाट निघाली, छान निघाली, आणि मध्येच एक ठोकळा वरच अडकला. पुढे आणखी एक उठलाच नाही. लहान मुलाचे दात पडावेत तशी रांगेत खिंडारं दिसायला लागली.

"कुठेतरी चुकली असशील," बारक्या म्हणाला.

तो वाईट अर्थाने म्हणाला नव्हता. पण हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं. शाळेत गणित चुकायचं, घरी मीठ चुकायचं, आणि हुशार कोण, तर बारक्या. त्याचं कधीच काही चुकत नसे. ती निमूटपणे लाट मोडायची आणि पुन्हा मांडायची. पुन्हा तेच. आणि गंमत अशी की खिंडारं दर वेळी वेगळ्याच जागी. काल जो ठोकळा अडकला तो आज निमूट उठायचा आणि आजवर शहाण्यासारखा वागलेला शेजारी हटून बसायचा.

"पाहिलं मी नीट," ती सांगायची.

"अगं, तेच यंत्र इथे चालतंय. यंत्र सारखं, तर चालायला नको का सारखं? पुन्हा बघ."

ती पुन्हा बघायची. हळूहळू तिला बाहेरही स्वतःचा भरवसा वाटेना. कुलूप लावून जिना उतरायची, पुन्हा वर येऊन कुलूप ओढून पाहायची. गॅस बंद केलाय ना, म्हणून अर्ध्या वाटेतून परतायची.

एका दुपारी ती इतकी कंटाळली की लाट न मोडता तशीच चालू ठेवून खुर्चीत मागे टेकली. खटक्याजागी तिने स्वतःच तारेचं एक कडं जोडलं होतं, त्यात शक्ती गोल गोल फिरत राहायची, त्यामुळे लाटेमागून लाट आपली आपण निघत होती. बाहेर ऊन उतरत होतं. डोळे अर्धवट मिटलेले. आणि तिला ते पांढरे ठोकळे वेगळेच दिसू लागले. एक लाट फुटून जात होती, दुसरी मध्येच रेंगाळत होती, तिसरी कुठल्याशा अडकलेल्या ठोकळ्याला वळसा घालून गेल्यासारखी पुढे निघत होती. एकीसारखी दुसरी नाही. व्हिडिओतली लाट कवायत करणाऱ्या शिपायांसारखी जायची. ही पाण्यासारखी जात होती.

त्या दिवसापासून तिने लाट दुरुस्त करणं सोडून दिलं. बारक्याला काही बोलली नाही. त्याने विचारलं तर "चाललंय" म्हणायची. दुपारी जेवण झालं की लाट सुरू करून बसायची, कधी त्यात डोळा लागायचा, आणि झोपेतही पांढरं काहीतरी उठत नि बसत राहायचं.

मग बारक्याचं तिच्या गावात काम निघालं. एका नव्या इमारतीच्या लिफ्टा तपासून तो संध्याकाळी बहिणीकडे आला. बूट काढता काढता त्याची नजर टीव्हीवर गेली.

"हे काय गं! अजून तुटकीच?"

"असू दे रे. मला आवडते."

"असू दे काय? सरक जरा."

त्याने बाह्या सावरल्या. "माझे अंगठे विसरलेत हे," असं पुटपुटत त्याने धक्क्याच्या पलीकडे स्वतःच्या हाताने नवी लाट मांडायला घेतली. ती मागे स्टुलावर बसून बघत होती. मांडून झाली. त्याने ऐटीत खटका दाबला. लाट निघाली, आणि मध्येच एक ठोकळा वरच अडकला.

"थांब हं," तो म्हणाला.

पुन्हा दाबला. आता दुसरेच दोन अडकले.

ढगबाईला आतून गुदगुल्या झाल्या आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. बारक्या मात्र कोड्यात पडला होता. त्याने फोन काढला आणि असली यंत्रं करणाऱ्या लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते वाचत बसला. चहा झाला, बिस्किटं संपली, तो वाचतोच आहे. शेवटी त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"ताई, हे दोन वेगळे गेम आहेत."

"एकच तर नाव आहे."

"नाव एक. दिसायला एक. पण कन्सोलवरचा वेगळ्या लोकांनी पहिल्यापासून नव्याने लिहिलाय. हे बघ, या लाटेत शेजारच्या दोन ढकल्यांना एकाच क्षणी शक्ती मिळते. मग आधी कुणी हलायचं? माझ्याकडे नेहमी डावा आधी हलतो. आणि तो का हलतो, तर बनवणाऱ्यांच्या नजरचुकीने. तसा नियमच नाहीये! चूक राहून गेली, आणि आम्ही सगळे तिच्या जिवावर यंत्रं करत बसलो."

"आणि इथे?"

"इथे ज्याचा नंबर लागेल तो. कधी डावा, कधी उजवा. उजवा आधी हलला की दोघं एकमेकांत अडकतात. हीसुद्धा चूकच. तक्रारींचा ढीग पडलाय, कुणी दुरुस्त करत नाही."

"म्हणजे तुझी लाट चुकीवर चालते."

"हो."

"आणि माझी चुकीवर अडते."

बारक्या हसला. मग हसू ओसरलं आणि तो खाली बघून म्हणाला, "तू चुकत नव्हतीस, ताई. मी उगाच तुला इतके दिवस..."

"कप दे इकडे," ती म्हणाली. कप घेऊन स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि धुवायचं विसरून पाण्याच्या धारेकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

खांदा सुटला तशी ती कामावर रुजू झाली. चादरी दिल्या नाहीत, उशांच्या अभ्र्यांवर बसवली. जोडीदारीण दुरून ओरडायची, "तुमच्याशिवाय मजा नाही हो! नवीन पोरगी लगेच घडी घालते." एका मधल्या सुट्टीत ढगबाईचा फोन वाजला.

"ताई," बारक्याचा आवाज बसलेला होता. "थांबली गं."

ती उठून उभी राहिली. "कोण? काय झालं? बायको बरी आहे ना?"

"ती बरी आहे. लाट थांबली. अपडेट आला. ती चूक होती ना डाव्या-उजव्याची, ती दुरुस्त केली त्यांनी. सगळे ढकले एकमेकांत अडकून बसलेत. चांगलं चालणारं दुरुस्त करून ठेवलं!"

तिला हसू फुटणार होतं; पण त्याचा आवाज ऐकून तिने ते गिळलं. या लाटेपायी त्याने किती सुट्ट्या घालवल्या होत्या ते तिला ठाऊक होतं. "येते मी," ती म्हणाली. आणि खरोखरच रजा टाकून बसमध्ये बसली. आई गेल्यापासून ती गावाबाहेर पडली नव्हती. खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ती मागे जाणारे दिव्यांचे खांब बघत होती, आणि प्रवास संपूच नये असं तिला वाटत होतं.

भावजयीने दार उघडलं. "बरं झालं आलात, वन्सं. घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून बसलेत. मी म्हटलं, सुतक किती दिवसांचं धरायचं ते तरी सांगा."

बारक्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. पडद्यावर धक्का दिसत होता आणि धक्क्यावर लाट थिजून उभी होती. मधला भाग उंच, कडेला उतार, पुढे खळगा, आणि परत चढ.

"नवीन कर," ती म्हणाली. "प्रत्येक ढकल्याला जरा थांबायला लाव. पहिला बसला की मगच दुसरा."

"येईल करता. पण सावकाश जाईल ती. मला धावती हवी होती." मग तो म्हणाला, "आणि आता हात धजत नाही गं. उद्या पुन्हा काही दुरुस्त करतील."

ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. बघता बघता तिची नजर त्या पांढऱ्या उतारावरून वर चढत गेली.

"बारक्या, यावर चढता येतं का रे?"

"कशावर?"

"लाटेवर. चालती असती तर पाडलं असतं हिने. आता उभी आहे तर चढून बघू या की."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची सोडली. "बस. ही चार बटणं चालायची. माउस फिरवला की मान वळते."

पहिल्यांदा ती भिंतीवर आपटली, मग थेट पाण्यात पडली. भावजय हसत हसत आत येऊन पाठीशी उभी राहिली. शेवटी धडपडत, एकेक पांढरी पायरी चढत ती लाटेच्या माथ्यावर पोचली आणि थांबली. खाली पाणी चकाकत होतं. पाण्यापलीकडे, धुक्यात निळसर झालेल्या टेकड्यांची एक ओळ होती.

"तिकडे काय आहे?"

बारक्या पुढे वाकला. "कुणास ठाऊक."

"म्हणजे? इतकी वर्षं इथे आहेस ना तू?"

"मी लाटेकडेच बघत होतो. गेलोच नाही कधी."

"होडी मिळते का?"

"करावी लागते. लाकूड आहे पेटीत." त्याने तिच्या हाताखालून हात घालून पेटी उघडली, होडी करून पाण्यावर ठेवली आणि तिला माथ्यावरून उतरवून तीत बसवलं. होडी हलली, स्थिर झाली.

"तू चालव," ती म्हणाली.

"नाही, ताई. तूच चालव. मी वाट बघतो. म्हणजे, रस्ता बघतो." तो शेजारी स्टूल ओढून बसला. भावजयही पलंगाच्या कडेला टेकली.

ढगबाईने बटण दाबलं. ते उलटंच दाबलं गेलं आणि होडी जागच्या जागी गोल गोल फिरू लागली. टेकड्या समोरून गेल्या, थिजलेली लाट गेली, पुन्हा टेकड्या आल्या. बारक्या खुसुखुसू हसत होता. तिला मात्र कसलीच घाई नव्हती. टेकड्या पुन्हा नेमक्या समोर आल्या तेव्हा तिने दुसरं बटण दाबलं, आणि होडी निघाली.