आत उघडणारी दारं

त्या वृद्धनिवासात तिला सगळे मावशी म्हणत. ब्याऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा जिन्यातून "ए मावशी" अशी हाक मारत आणि ती चौपन्न वर्षांची बाई "आले हो बाळ" म्हणत वर जाई. पहिल्या मजल्यावर अकरा खोल्या, अकरा म्हातारी माणसं आणि दिवसपाळीला मावशी एकटी. औषधं द्यायला नर्स यायची; उठवणं, बसवणं, भरवणं आणि आंघोळ घालणं हे सगळं मावशीच्या अंगावर.

प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर होतं आणि त्याचं दार आत उघडायचं. मावशीचं डोकं फिरायचं ते याच दारांवरून. जागा जेमतेम, दार आत उघडणारं. आतलं माणूस तोल जाऊन पडलं तर पडणार कुठे? दारालाच टेकून. आणि ते माणूस दाराला टेकलं की बाहेरच्यांनी आत जायचं कसं?

हे कळायला काही इंजिनिअर व्हायला लागत नाही, असं तिचं म्हणणं. गेली दोन वर्षं ती हेच सांगत होती. पहिल्यांदा तोंडी सांगितलं तेव्हा मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "लेखी द्या." लेखी दिलं. मग म्हणाल्या, "नमुन्यात द्या." नमुन्यात दिलं. मग कळलं की नमुना बदललाय. शेवटी तिने ड्युटीच्या वहीतच लिहायला सुरुवात केली. सोमवारी लिहायचं, "न्हाणीघराची दारं बाहेर उघडणारी करावीत." पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मॅडम त्याखाली सही करत आणि वही मिटत.

मध्यंतरी सुरक्षा सप्ताह झाला. भिंतीवर मोठं चित्र लागलं, त्यात एक हसणारी आजी काठी धरून उभी. मावशीने ते पाहिलं आणि नर्सला म्हणाली, "ही पडली तर हिला बाहेर कोण काढणार, ते नाही लिहिलं कुठे."

सात नंबरच्या खोलीत भूगोलाच्या निवृत्त बाई राहायच्या. अजून आवाज खणखणीत, मान ताठ, आणि मदत घ्यायची म्हटलं की कपाळाला आठ्या. "मी अख्ख्या वर्गाला नकाशा शिकवला, मला न्हाणीघराचा रस्ता दाखवू नकोस," असं त्या मावशीला सुनवायच्या. मावशी बाहेर उभी राहून मुद्दाम खोटं खोटं खोकायची, म्हणजे बाईंना कळावं की कुणीतरी आहे.

त्या सकाळी साडेनऊच्या सुमारास मावशी चार नंबरमधल्या आजोबांचं अंग पुसत होती. ते ओलेच होते. त्यांना सोडून उठणं शक्य नव्हतं. तेवढ्यात सात नंबरमधून धप्प असा आवाज आला. तिने आजोबांना टॉवेलात गुंडाळलं, खुर्चीत बसवलं, "हलायचं नाही हं" म्हटलं आणि पळाली.

न्हाणीघराची कडी लावलेली नव्हती, पण दार बोटभर उघडून अडलं. फटीतून पाण्यात भिजलेली पांढरी वेणी दिसली.

"बाई! ऐकू येतंय का?"

"येतंय," आतून आवाज आला. खणखणीत मुळीच नव्हता. "पाय हलत नाहीये गं. ढकलू नकोस, दुखतं."

मावशीने हात मागे घेतला. मदतीला वॉचमन आला, त्याने खांदा लावायचा पवित्रा घेतला. "खबरदार!" ती ओरडली. "दारामागे माणूस आहे, पोतं नाही." नर्सने अँब्युलन्सला फोन लावला. मॅडम आल्या, हातात मोबाइल, आणि म्हणाल्या, "कुणी फोटो काढू नका."

पाच नंबरमध्ये एक म्हातारे सुतार होते. हात कापायचे, चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोचायची नाही; पण गडबड ऐकून ते भिंत धरत धरत आले आणि दाराकडे नुसतं पाहिलं.

"खालच्या फळीला हात लावू नका, तिथे त्या आहेत. वरच्या फळीच्या चारी कडांना पट्ट्या दिसतात ना? त्या उपटा. फळी अख्खी हातात येईल."

पटाशी नव्हती. मावशीने स्वयंपाकघरातून जाड सुरी आणली. सुतार सांगत गेले, "कोपऱ्यातून... आता वरून... घाई नको," आणि ती पट्ट्या उचकटत गेली. बोटाला कापलं, तिने लक्ष दिलं नाही. फळी निघाली. साडीचा पदर खोचून ती त्या खिडकीएवढ्या भोकातून आत चढली, आणि पलीकडे बाईंच्या अंगावर पाय पडू नये म्हणून क्षणभर तशीच अधांतरी लोंबकळली. बाईंचे डोळे मिटलेले होते. मावशीने त्यांना हळूच एका अंगाला सरकवलं, तेव्हा कुठे दार उघडलं. एवढ्या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली होती.

बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. थंड फरशीवर भिजत पडल्याने त्यांना न्यूमोनियाही झाला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मावशीला कागद दिला. अपघाताचं कारण छापील होतं: कर्मचारी जागेवर नसणे.

"सही करा."

"मी जागेवरच होते. एका माणसाला अकरा जागा आहेत, त्यातल्या एकीवर होते."

"वाद नको. औपचारिकता आहे."

"मग दार आत उघडतं, हेही लिहा औपचारिकता म्हणून." तिने पेन घेतलं, छापील ओळीखाली वहीतले सगळे सोमवार तारखेनिशी उतरवून काढले, आणि मगच सही केली. मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. मऊ बोलणारे, जाडजूड गृहस्थ. म्हणाले, "दारांचं काय आहे, वृद्धांना एकांताचाही हक्क असतो."

"साहेब, दोन मिनिटं इकडे या," मावशी म्हणाली. ती न्हाणीघरात गेली, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून फरशीवर बसली. "हं, या आता आत. मला वाचवा."

अध्यक्षांनी हसत दार ढकललं. मग न हसता ढकललं. मग दोन्ही हातांनी. आतून आवाज आला, "मी तर धडधाकट आहे साहेब. हाड मोडलेलं असतं तर एव्हाना किंचाळले असते."

चार दारं मंजूर झाली. अकरापैकी चार! बाकीची टप्प्याटप्प्याने. आणि मावशीला "आता वय झालं, दगदग नको" म्हणून तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायला बसवलं. तिच्या जागी नवीन मुलगी आली. चांगली होती बिचारी, पण कुणाला पाणी गरम लागतं, कुणाला उठताना चक्कर येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाई दीड महिन्याने परतल्या, त्या चाकाच्या खुर्चीतून. मावशी भेटायला वर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला हाकललं म्हणे माझ्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. माझ्या तोंडापायी."

"मग ते बंद करू नकोस," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच स्वतःहून टॉवेल पुढे केला.

तेव्हापासून रोज साडेनऊला मावशी चादरी तशाच टाकून वर जाते. दार न बदललेल्या सात खोल्यांपुढे नव्या मुलीबरोबर आळीपाळीने उभी राहते. जागा सोडल्याबद्दल तिला एक मेमो मिळालाय. काल दुसरा मिळाला. तो तिने वाचला, घडी करून कमरेला खोचला आणि जिना चढायला लागली.