मामूंचे मुडदे

मेलेल्या माणसांची इतकी मनापासून चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या छावणीतले व्हिडिओवाले मामू. जिवंत माणसाला ते 'जेवलास का' एवढेही विचारायचे नाहीत. मुडदा दिसला की मात्र तो कुठला, कुणाचा, घरी कोण असते, निघताना काय खाऊन निघाला होता, इथपर्यंत सगळे त्यांना ठाऊक असायचे. हे मुडदे अर्थात इंग्रजी सिनेमातले. कबरीतून उठायचे आणि हात पुढे करून, पाय ओढत जिवंत माणसांच्या मागे लागायचे. शिकलेली पोरे त्यांना झोंबी म्हणत. मामूंना तो शब्द मुळीच पसंत नव्हता. झोंबी पैलवान खेळतात, या बिचाऱ्यांना तर धड चालता येत नाही, असे ते म्हणायचे. त्यांच्या तोंडी साधा 'मुडदा' होता, आणि तोही इतक्या मायेने, की आमच्याकडच्या आया पोरांना 'मुडदा बशिवला तुझा' म्हणतात त्याची आठवण व्हावी.

दुष्काळाचे वर्ष होते. कडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दूध संघाने जनावरांची छावणी उघडली होती, आणि गावोगावची माणसे गुरे घेऊन तिथेच राहायला आली होती. चारा-पाणी संघाचे, राखण ज्याची त्याची. मी संघात दूध मोजायला होतो. मोजण्यासारखे दूध उरले नाही तेव्हा मला चारा वाटायला बसवले. मामूंचेही तसेच झाले होते. ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, पण विहिरीत पाणी नसल्यावर मोटार चालत नाही, आणि चालत नाही ती जळतही नाही. मग त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरमधून एक टीव्ही, सीडीचे यंत्र आणि सीड्यांची एक पिशवी उचलून आणली. पिशवीवर 'कौटुंबिक' असे लिहिले होते आणि आतून निघाले सगळे मुडदेच. मामूंनी तक्रार केली नाही. माणूस मेला म्हणून काय कुटुंबातून जातो का, असे त्यांचे म्हणणे पडले.

संघाचे दूध थंड करायचे केंद्र तेव्हा रिकामेच पडले होते. पांढऱ्या फरशांची ती खोली, खिडक्यांना बारदान लावलेले, दुधाच्या आंबूस वासाचा मागमूस अजून भिंतींत मुरलेला. दुपारी बाहेर नुसता धुरळा आणि ऊन असायचे, गुरे डोळे मिटून रवंथ करायची, आणि आम्ही उपड्या घातलेल्या कॅनवर बसून अर्धवट झोपेत मेलेल्यांची ये-जा बघायचो. इंग्रजी कुणालाच येत नव्हते. मामू टीव्हीशेजारी उभे राहून, हातातल्या वायरच्या तुकड्याने एकेक मुडदा दाखवत गोष्ट सांगायचे. हा धारूरचा, किल्ला उतरताना पाय मुरगाळला म्हणून लंगडतोय. हा चकलांब्याचा, याची सोयरीक दोनदा मोडली. यावर चकलांब्याचे एक गृहस्थ फार बिथरले. सगळे वाळके, दात पडलेले मुडदे आमच्याच गावाला कसे काय येतात, अशी त्यांची हरकत होती. मामूंनी दुसऱ्या दिवशी एक कोटवाला, धिप्पाड मुडदा चकलांब्याचा सरपंच म्हणून जाहीर केला तेव्हा कुठे ते गृहस्थ पुन्हा कॅनवर येऊन बसले.

मामूंचा एक कायदा होता. पडद्यावर रक्त यायची वेळ झाली की ते खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल टीव्हीवर टाकायचे. आवाज चालू, गोष्ट चालू, चित्र रुमालाआड. छावणीतल्या तरण्या पोरांचा याच गोष्टीवरून जीव जायचा. त्यांना रक्त हवे होते. लचके, आतडी, सगळे डोळ्यांनी बघायचे होते. नाहीतर मुडद्यांचा पिच्चर लावायचा कशाला, असे ते भांडायचे. मामू शांतपणे म्हणायचे, "रगत तर कोंबडीला बी असतंय. मग कोंबडीचा पिच्चर कामून न्हाई काढत कुणी? गोष्ट लागती बे." एकदा वाऱ्याने रुमाल घसरला आणि नेमकी आतडी दिसली. पुढच्या कॅनवरचे म्हातारे नीट वाकून बघून म्हणाले, ही बकऱ्याची आहेत, आणि तीही शिळी. खोली हसून हसून बेजार झाली, आणि त्या दिवशी पुढे कुणालाच भीती वाटेना. मामू मात्र खूश होते. दाखवले की खोटे पडते, हे ते पुढे आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत फिरले.

सोजरमावशी छावणीत आल्या आणि मामूंच्या गोष्टीने निराळेच वळण घेतले. त्या एका गाईला घेऊन डोंगराकडच्या गावातून आल्या होत्या. पहिल्याच दुपारी पडद्यावर संध्याकाळचे माळरान होते आणि धुळीने माखलेले, कपडे फाटलेले शे-दीडशे मुडदे पाय ओढत येत होते. मावशींनी पदर नीट केला आणि विचारले, "कोणत्या कारखान्यावरून आली म्हणायची ही टोळी?"

कुणी हसले नाही. आमच्याकडे टोळी म्हणजे ऊस तोडायला जाणारी माणसे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन कारखान्यांच्या मुलखात जायचे आणि उन्हाळा लागला की परत यायचे. परत येतात तेव्हा ट्रकमधून उतरल्यावर अशीच चालतात. पाय बधिर, केसांत पाचट, डोळ्यांत झोप. खोलीतला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी तसा चालत घरी आला होता. मामू म्हणाले, लांबच्या कारखान्याची आहे मावशी, पट्टा पडला, हंगाम संपला आणि निघाली. त्या दिवसापासून सगळे मुडदे टोळीचे झाले. सगळ्यात पुढचा मुकादम. ते बोलत नाहीत, कारण घसा कोरडा पडलाय. हात पुढे करतात ते पाण्यासाठी. आणि ही गोरी माणसे उगाच घाबरून पळतात. "पाणी मागत्यात बिचारे," मामू सांगायचे, "आन हे येडे बंदुका काढत्यात." त्या वर्षी पाण्यासाठी हात पुढे करणे म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

सोजरमावशींचा मुलगाही टोळीबरोबर गेला होता. टोळी आली, तो आला नाही. मुकादम म्हणाला, उसाच्या फडातून एका सकाळी उठून गेला, कुठे ते ठाऊक नाही. हे त्यांनी कुणाजवळ रडून सांगितले नाही. गाईला पेंड मागायला आल्या तेव्हा मला बोलता बोलता सांगितले. पण एका सिनेमात उजवा खांदा पाडून चालणारा एक उंच मुडदा होता. तो आला की मावशी कॅनवरून थोड्या पुढे सरकायच्या. मामूंच्या नजरेतून ते सुटले नाही. पुढे तोच सिनेमा दर दोन-तीन दिवसांनी लागू लागला. त्या उंच मुडद्याला शेवटी डोक्यात गोळी घालतात, ती मामूंनी मावशींना कधी दिसू दिली नाही. त्याआधीच रुमाल पडायचा आणि रुमालाआड तो माणूस आपल्या गावच्या फाट्यावर उतरून घराकडे वळायचा.

एका शुक्रवारी मामू नमाजाला गावात गेलेले असताना पोरांनी डाव साधला. तोच सिनेमा त्यांनी आपणच लावला, रुमालाविना, गोष्टीविना. मावशी नेहमीप्रमाणे पुढे बसल्या होत्या. नुसत्या किंकाळ्या आणि लाल रंग. मी पोरांना बंद करा म्हणालो, पण माझे कोण ऐकतो. मी चाऱ्याचा माणूस. मावशी उठल्या नाहीत. उंच मुडदा माळावर दिसला, समोरच्या गोऱ्याने बंदूक उचलली, आणि दारातले बारदान बाजूला करून मामू आत आले.

रुमाल त्यांच्या डोक्याला बांधलेला होता, तो सोडायला वेळ नव्हता. मामू सरळ टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून. पाठीमागे गोळ्या सुटत होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कडांवर लाल उजेड लवत होता. धापा टाकत त्यांनी गोष्ट सुरू केली. फाट्यावर उतरला. ओढा ओलांडला. ओढ्याला पाणी नव्हते म्हणून चपला हातात घ्याव्या लागल्या नाहीत. घरापाशी आला आणि दार वाजवले.

"आमच्या घराला दार न्हाई," मावशी म्हणाल्या. "ताटी हाय."

"तर ताटी सरकवली," मामू म्हणाले.

"पाणी द्या त्याला आदी. बाकी मागून इचारा."

मामूंनी पाणी दिले. तांब्या कुठला, माठ कुठे, चुलीपुढे कोण बसले होते, सगळे सांगितले. पोरांपैकी कुणीतरी आवाज बंद केला, मग टीव्हीही बंद केला, आणि त्या अंधाऱ्या थंड खोलीत गोष्ट तशीच चालू राहिली. तो माणूस जेवला, अंगणात बाज टाकून झोपला. त्यानंतर रुमालाबद्दल छावणीत कुणी भांडले नाही.

पाऊस झाला आणि छावणी उठली. सोजरमावशी गाईचे दावे हातात घेऊन मामूंचा निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी तिथेच कॅन मोजून घेत होतो. जाता जाता थांबून त्या म्हणाल्या, "मामू, माझा ल्योक काळा हाय. त्यो तर गोरा हुता. म्या काय आंधळी न्हाई."

मामू वाकून टीव्हीची वायर गुंडाळू लागले.

"पर तुमी त्याला घरापतोर आणीत हुता," मावशी म्हणाल्या, "म्हणून येत हुते."

त्यांचा मुलगा पुढे आला की नाही, मला समजले नाही. मामू पुन्हा मोटारींकडे वळले, टीव्ही दुकानात धूळ खात पडला, आणि आता मामूही राहिले नाहीत. माझे पुतणे मोबाइलवर असले सिनेमे बघतात. त्यात रक्त भरपूर असते आणि मेलेल्याला गाव नसते. मला दोन मिनिटांत झोप येते. उन्हाळ्यात मात्र टोळ्यांचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यावरून जायला लागले की मी दुपारचा पाण्याची घागर घेऊन कडेला उभा राहतो. माणसे उतरतात, बधिर पायांनी, हात पुढे करून येतात. धुरळ्यात चेहरे नीट दिसत नाहीत. कधीतरी त्यांच्या मागून डोक्याला चौकड्याचा रुमाल बांधलेले मामू पाय ओढत येताना दिसतील, असे मला उगाच वाटते. आले तर मी पळणार नाही. आधी पाणी देईन, बाकीचे मागून विचारीन.