उपवासकाळातले माझे शुक्रवार

माझ्यासारखा शहाणा हैदराबादेत दुसरा सापडायचा नाही. काय करून बसलो, ऐकाच.

आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मूळचा जालन्याकडचा ख्रिस्ती, नोकरी हैदराबादेत, बिऱ्हाड गौलीगुड्यात. ऑफिसात दिवसभर एकच धंदा: फायली वेगळ्या करा! ही तेलुगूंची, ही कानडींची, ही आपल्या मराठवाड्याची. धूळ खाऊन खाऊन माणसाचं खडूचं पोतं झालेलं. माणसंसुद्धा वरचे साहेब लोक अशीच वाटून टाकत होते, आज हा मुंबई राज्यात, उद्या तो म्हैसुरात. माझं नाव मात्र खटपट करून हैदराबादेतच ठेवून घेतलं होतं.

त्यात आमचा उपवासकाळ आला. ईस्टरआधीचे चाळीस दिवस. आवडीची एखादी गोष्ट सोडायची असते. फादरनी विचारलं, "तू काय सोडणार?"

मला आवड एकच. मीर आलम तलावाच्या काठी गळ टाकून बसायचं. तोंडातून निघून गेलं, "मासेमारी, फादर!"

पहिला शुक्रवार आला. संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट. चौदा ठिकाणं, चौदा वेळा गुडघे टेकायचे. माझ्या अंगात त्राण नव्हतं हो! बायकोला, मार्थाला म्हटलं, "ऑफिसात काम आहे, उशीर होईल." आणि गेलो तलावावर.

पण वचन मोडलं नाही बरं का! मासा लागला की परत पाण्यात सोडायचा. सोडायचंच म्हटलं होतं ना? सोडत होतो!

पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्याही. इकडे मार्थानं माझ्या उशिराचं फादरांच्या कानावर घातलेलं. रविवारी मिस्सेत, म्हणजे आमच्या सामुदायिक उपासनेत, फादर म्हणतात, "आपला एक बंधू कामाखाली पिचून गेलाय. त्याच्यासाठी प्रार्थना करू या." अख्खं चर्च माझ्यासाठी हात जोडून उभं! मीही जोडले. काय करता?

पण फादर नुसत्या प्रार्थनेवर थांबणारे नव्हते. सोमवारी ते थेट आमच्या बडे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आले. मला पत्ताच नाही. दुपारी बोलावणं आलं.

"आओ मियाँ, बैठो," साहेब म्हणाले. इतक्या प्रेमानं ते कधी बोलत नसत. "तुमारे फादर आए थे. बोले, आदमी काम से सूख रा, इबादत कू भी टाइम नै."

"तसं काही नाही, साहेब."

"शरमाओ नक्को! तुमकू उस्मानाबाद भेज रऊं. छोटा दफ्तर, काम कम. अपने लोगां में आराम से रहो." समोर हुकूम तयार, फक्त सही राहिलेली.

उस्मानाबाद! माझी पोरं इथं शाळेत, मार्थाचं माहेर सिकंदराबादेत, आणि तिकडच्या कोरड्या मुलखात मी गळ टाकू कुठं, रांजणात? मग ठरवलं, झाकून उपयोग नाही. खरं सांगून टाकायचं.

"साहेब, मला इथं काम जास्त नाहीच! पाचला मोकळा होतो."

"नै? फिर जुम्मे के जुम्मे देर तक किधर रहते?"

"मीर आलम तलावावर, साहेब. मासे धरतो."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, चला, सुटलो.

"हौ. तो बोलो मियाँ," ते हळूच म्हणाले, "काम नै, तो इधर रखके मैं क्या करूं?"

आणि सही केली!

उरलेल्या शुक्रवारी मी एकही ठिकाण चुकवलं नाही. चौदाच्या चौदा वेळा गुडघे टेकले. फादरना सगळं सांगून टाकावं असं दर वेळी मनात यायचं आणि धीर व्हायचा नाही. शेवटी क्रुसासमोर रडूच कोसळलं.

मागच्या बाकावरची एक बाई पुढं वाकून मार्थाला म्हणाली, "बदली झाल्याचा केवढा आनंद झालाय गं भाऊंना! डोळ्यांचं पाणी खळत नाही!"