सुजाता मावशीचा पाच पॉइंट सहा

सुजाता मावशीबद्दल नंदिनी नगरात एक गोष्ट पक्की समजली जाते: ती ज्याचा फोटो काढते, तो वर्षाच्या आत भिंतीवर जातो. हार, उदबत्ती, सगळं. माझी शालू आत्या हे सांगताना आधी दोन्ही बाजूंना बघते, मग डोळे बारीक करते. "मी काही म्हनत नाही बाप्पा, पन पाहून घे. तीन नंबरवाले गुरुजी? गेले. ललिताची सासू? गेली. और वो टिफिनवाला? चंगा-भला था, गया!"

टिफिनवाला मेला नाही, रायपूरला राहायला गेला. आणि माझ्या बाबांचे कामावरच्या गेट पासचे फोटो मावशीनं सात वेळा काढलेत. बाबा अजून रोज सकाळी माझ्या बशीतले पोहे पळवतात. बाकीच्यांचं खरं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे धड फोटो काढायचं कोणाला सुचतच नाही. जन्मभर एकच चेहरा, गेट पासवरचा. माणूस अंथरुणाला खिळला, डॉक्टरनं घरच्यांना बाहेर बोलावलं, की मग पळा नेहरू नगरला मावशीच्या दुकानात. बोलावतात उशिरा आणि आळ तिच्यावर.

ज्यांना तेवढंही सुचत नाही ते पासचाच फोटो मोठा करून आणतात. खाणीतल्या माझ्या आजोबांचा तसाच आहे. दारातून बघितलं तर आजोबा. जवळ गेलं तर नुसते ठिपके आणि कॉलरवर अर्धा शिक्का.

मावशी आता त्रेपन्न वर्षांची आहे. आईची मैत्रीण म्हणून मावशी. तेविसाव्या वर्षी तिनं हथखोजच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये कंत्राटी मजुरांच्या पासचे फोटो काढायला सुरुवात केली. मागे पांढरी चादर, पुढे स्टूल, बाहेर दोनशे माणसांची रांग, माणशी एक मिनिट. पुरुष तिच्यासमोर छाती फुगवून, श्वास कोंडून बसायचे. तिथं ती एक गोष्ट शिकली. "श्वास सोडा," ती म्हणायची. "सोडला की अर्धा सेकंद माणूस काहीच करत नाही. तेव्हाच दाबायचं." दुकानात कोचिंगची पोरं फॉर्मचा फोटो काढायला येतात, त्यांनाही हेच. मान वळवायची असेल तर ती "मान" म्हणत नाही, "नाक" म्हणते. "नाक खिडकीकडं. थोडं. जास्त झालं. नाकाले घाई कावून आहे तुह्या?"

हे मी हुबेहूब करते. तिच्या पाठीमागे.

फेब्रुवारीत रुक्मा आजीचं दुखणं निघालं. आजी म्हणजे बाबांची आणि आत्याची आई. चाळीस वर्षं तिनं सकाळ-संध्याकाळ गुडाखू घासला, ती तंबाखूची काळी पेस्ट, आणि डाव्या जबड्यावर गाठ आली. तोंड दोन बोटं उघडायचं, तेवढंच. रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावीकडचं हाड काढावं लागेल, गालाचा भागही जाईल, चेहरा आधीसारखा राहणार नाही. भरती व्हायचा दिवस ठरला. गाडी दुपारी दोनला.

त्या दिवशी सकाळी पेज पिता पिता आजी म्हणाली, "सुजाताले बोलाव."

आत्याच्या हातातली पिशवी खाली आली. "आई, आजच? आजच्या दिवशी?"

"उद्या हा चेहरा कुठून आनू?"

"परत आल्यावर काढू ना! पुरा अल्बम बनायेंगे!"

आजीनं आजोबांच्या फोटोकडं हात केला. "मले असं ठिपके होऊन नाही लटकायचं. आन् वर्षभरात गेली तं सुजाताच्या पायी नाही जानार, गुडाखूच्या पायी जाईन. लाव फोन."

फोन मी लावला. मावशी आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. स्कूटीवर, गळ्यात कॅमेरा, तोही तिच्यासारखाच जुना. आत आली आणि तिनं पहिलं काम केलं ते ट्यूबलाइट बंद केली.

"अंधार कावून केला?" आत्या दारातच ठाकली होती.

"ट्यूबचा उजेड हिरवट पडते. खिडकी पुरे."

आमच्या क्वार्टरला खिडकी एकच, तिच्यासमोर शेजाऱ्यांची भिंत. उजेड ताकासारखा पातळ. मावशीनं आजीचं स्टूल खिडकीच्या अगदी जवळ सरकवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि गप्प झाली. मावशी गप्प झाली की समजावं, हिशेब जमत नाहीये.

मी विचारलं तेव्हा बोटांनी आकडे फिरवत सांगितलं. लेन्सचं भोक पूर्ण उघडलं, एक पॉइंट आठ, तर उजेड भरपूर येतो, शटर झटकन मिटतं, माणूस हलला तरी चालतं. पण तेव्हा चेहऱ्याचा पातळ कापच स्पष्ट येतो. डोळा आला तर कान विरघळतो. सगळा चेहरा स्पष्ट हवा तर भोक लहान करा, पाच पॉइंट सहा. मग उजेड कमी, शटर सावकाश. "आन् तुही आजी पाहून राहिली ना?"

बघत होते. दुखण्यानं आजीची मान बारीक थरथरत होती, सारखी. गोळी घेऊन दोन तास झाले होते, दुसरी गाडीत बसताना द्यायची होती.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "एक पॉइंट आठ. नाक खिडकीकडं, उजवा गाल समोर. गाठ मागं जाईल, आपोआप विरघळेल."

"हाव, तसाच काढा," आत्या दारातून म्हणाली. तिच्या तोंडून मावशीसाठी निघालेलं ते पहिलं बरं वाक्य.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "दोन्ही काढतो. निवडू दे तिले."

"ती माझावाला निवडेल. लावा पैज."

"लावली. हरली तं माही नक्कल माह्यासमोर करशील. दुकानाच्या मागं करते ती. पूर्ण."

माझे कान तापले. तिला माहीत होतं.

माझावाला पहिल्या झटक्यात आला. आजीनं नाक वळवलं, खट्, झालं. स्क्रीनवर आजी दहा वर्षांनी लहान होती. एक डोळा लख्ख, कपाळावरच्या रेषा मऊ, आणि गाठ नाहीच. आत्यानं डोळ्याला पदर लावला. मी मनात जिंकले होते.

मग मावशीनं आजीला समोर बसवलं. पाच पॉइंट सहा, शटर एक भागिले साठ सेकंद. खट्. आजीचं तोंड दोनदा छापल्यासारखं. परत. तसंच. एक वाजून चाळीस मिनिटं. मावशीनं आयएसओ सोळाशेवर नेला, म्हणजे कॅमेऱ्याला थोड्या उजेडातही दिसावं असं केलं. शटर एक भागिले सव्वाशे झालं.

"बत्तीसशे करा ना, आणखी फास्ट होईल," मी म्हटलं.

"याच्यावर गेलं तं हा कॅमेरा रवा पेरते. ठिपक्यायचे आजोबा आहेत ना तुह्याकडं? अजून एक पाहिजे?"

खट्. हललं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, गाडी लवकर आली होती. बाबा पिशव्या उचलू लागले. आजीनं डोळे मिटले, कपाळाला घाम. "सुजाता, बस झालं माय. दुखून राहिलं."

"बस कर," आत्या पुढं आली. "बस म्हटलं ना तिनं!"

मावशी हलली नाही. गुडघ्यावर बसली, कोपर पोटाशी दाबलं, आवाज इतका खाली आणला की आत्याही थांबली. "काकू. काही करू नका. डोळेही नंतर उघडा. फक्त श्वास सोडा. पुरा."

आजीनं सोडला. लांब, फुटक्या भात्यासारखा. खांदे खाली आले. डोळे उघडले. मान थांबली.

खट्.

मावशीनं स्क्रीनवर बोट फिरवून आधी डोळा मोठा केला, मग कान, मग गाठ. सगळं धारेवर होतं. पापणीचे केस मोजता आले असते. गाठीवरची ताणलेली, चमकणारी कातडी पण.

मावशीनं दोन्ही फोटो आजीसमोर धरले, आधी माझावाला, मग तिचा. आजीनं चष्मा मागितला. हॉर्न परत वाजला. आजी माझावाला बघत राहिली, बराच वेळ, आणि मी मावशीकडं बघून भुवया उडवल्या.

"हा लावला भिंतीले," आजी म्हणाली, "तं लोकं म्हनतील, बुढीले काहीच नोतं. मंग जबडा कायले कापून आली, फुकट?"

"अगं, पण सुंदर आहेस त्यात!" मी म्हटलं.

"हाव ना. पन तो गाल कुठं हाय?" तिनं दुसऱ्या फोटोवर, गाठीवर, बोट ठेवलं. "माहा हाय. सत्तर वर्षं सोबत राहिला. आज चालला. दिसू दे त्याले."

आत्यानं आजीची चप्पल पुढं सरकवली, आणि वळून मावशीला म्हणाली, "मोठा काढजो. दोन हाताचा."

आजीला गाडीत बसवलं, गोळी दिली. मला वाटलं, या गडबडीत पैज कोणाच्या लक्षात राहणार? मी डिकी लावायला मागे सटकले.

"दीक्षा," मावशी म्हणाली. "गाडी निघाच्या आधी."

खिडकीत आजी, पुढं बाबा, ड्रायव्हर, आत्या, शेजारची दोन पोरं. आणि समोर हाताची घडी घालून खुद्द सुजाता मावशी. मी नसलेला कॅमेरा उचलला, जिभेचं टोक बाहेर काढलं, गुडघा वाकवला. "नाक खिडकीकडं. थोडं. जास्त झालं. नाकाले घाई कावून आहे तुह्या?"

आजीनं हातानं गाल दाबून धरला आणि दोन बोटांएवढं हसली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

मावशी हसली नाही. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं.

"चुकली," ती म्हणाली. "मी डावा डोळा मिटतो. परत कर."

मी परत केलं.