जाऊबाईंची पांढरी

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला कळतं. पण माझी काळी कोंबडी जाऊबाईंमुळे मेली. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही.

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले आणि पहिल्याच पावसाळ्यात कोकणात गावी माझी आई गेली. पावसात बोटी बंद, त्यामुळे तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. बोटी सुरू झाल्यावर भाऊ आला तो आईच्या दोन कोंबड्या घेऊन, एक काळी आणि एक तांबडी. आईचं म्हणून माझ्याकडे एवढंच राहिलं होतं.

चाळीमागे गटाराच्या कडेला थोरल्या जाऊबाईंचं खुराडं होतं. त्यात सहा कोंबड्या, आणि सहाजणींवर दादागिरी करणारी एक पांढरी. आधी ती दाणे टिपणार, मग बाकीच्या. जाऊबाईंची भारी लाडकी! नव्या कोंबड्या एकदम कळपात सोडायच्या नाहीत, हे मी आईकडून शिकले होते. डालग्याखाली झाकून आठ दिवस खुराड्याशेजारी ठेवायच्या, एकमेकींना बघू द्यायचं, मग सोडायच्या. मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मी नळावर गेले आणि जाऊबाईंनी डालगं उचलून बाजूला ठेवलं. का, तर म्हणे धुण्याची दोरी बांधायला जागा अडते!

मी हंडा घेऊन परत आले तेव्हा काळी गटारात पडली होती, डोक्यावर कातडं म्हणून उरलं नव्हतं. पांढरी चोच पुसत होती. तांबडी जिन्याखाली अंग चोरून बसलेली. मी किंचाळले. जाऊबाई कपडे पिळतच होत्या. म्हणाल्या, "तेंचा तेंका बघूंदे गो. दोन दिवसांनी गप होतली."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण नव्या सुनेने बोलायचं कुणाला? सासूबाई त्यांच्या बाजूच्या, नवरा भावाच्या शब्दाबाहेर नाही. आणि तांबडी जिन्याखालून हलेना. बाहेर आली की पांढरी टपलेलीच. मी हातावर तांदूळ धरून तिला भरवायची. असं किती दिवस जगणार होती ती? हीसुद्धा गेली तर आईचं काय राहणार माझ्याजवळ? मनात म्हटलं, थांब मेल्ये, तुझा नक्षा उतरवते.

कोंबडी फार माजली की आई तिला कळपातून उचलायची आणि आठवडाभर दुसऱ्याच्या परड्यात, घरामागच्या आवारात, ठेवायची. परत आली की बाकीच्या तिला ओळख देत नाहीत, ती नवखी होते. काळाचौकीला माझ्या गावची एक मैत्रीण राहायची. एका दुपारी जाऊबाई झोपल्या होत्या. मी पांढरीचे पाय बांधले, तिला पिशवीत घातलं आणि मैत्रिणीकडे पोचवून आले.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं. मोर्चे, दगडफेक, गोळीबार, कर्फ्यू. पुरुष घरात नाहीत म्हणून सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. जाऊबाई पांढरीसाठी रडत होत्या, पोलिसांना शिव्या घालत होत्या. मुडद्यांनीच उचलली म्हणे! मी मान डोलवत होते. कुणाचा जीव जातोय आणि मी दिवस मोजतेय, याची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. पांढरी दूर होती तेवढ्यात तांबडी कळपात रुळली, दाणे टिपायला लागली.

कर्फ्यू उठला, मी पांढरीला आणलं आणि भर दुपारी खुराड्यासमोर सोडलं. ती नेहमीच्या तोऱ्यात पुढे आली. सगळ्याजणी तिच्यावर तुटून पडल्या, आणि सगळ्यांच्या पुढे माझी तांबडी! मी कमरेवर हात ठेवून बघत होते. मनात म्हटलं, टोच, अजून टोच.

ओरडा ऐकून जाऊबाई धावत आल्या. त्यांनी पांढरीला पदरात घेतलं. ती धापा टाकत होती, एक डोळा गेला होता. आणि तिच्या एका पायाला माझ्या फाटक्या लुगड्याची चिंधी तशीच लोंबत होती. घाईत मी एकाच पायाची गाठ सोडली होती. जाऊबाईंनी चिंधी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मीही नजर खाली घेतली नाही.

पांढरी जगणार नव्हती. त्यांनीच ती कापली, वाटण वाटलं, सागोती केली. सगळ्यांना वाढलं, आणि तंगडी माझ्या ताटात घातली.

"खा," म्हणाल्या.

मी खाल्ली. हाडसुद्धा चोखलं. त्या माझ्यासमोर बसून नुसता भात मीठ लावून खात होत्या. एकेक घास गिळताना त्यांचा गळा हलत होता आणि मी तो बघत होते. बघता बघता मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "अजून रस्सा वाढा."

त्यांनी वाढला.