आईच्या हातातला सोऱ्या
बारा एप्रिल. अकोल्यात कुरडयांचे गहू वाटायला घेतले. आंबूस वासानं तेल्हाऱ्याचं माहेरचं अंगण आठवलं. काही वर्षांपूर्वी एक दिवस तिथं असाच चीक शिजला होता. आईनं सोऱ्या उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "हे काय होय वं?" गल्लीभर तिच्याच हातच्या कुरडया जायच्या. काकू हसली, "वैनी, आमाले राबवाले नाटक करून राहिल्या काय?" आई हसली नाही. "एकदा लागली का सुटत नाई," म्हणत तिनं ब्लडप्रेशरची गोळी कधीच सोडली होती. संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, प्रेशरनं मेंदूच्या बारीक नसा बंद झाल्यात, गेलेलं परत येणार नाही. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला कच्चा चीक शिजवून सोऱ्या मीच फिरवला आणि आईचं ऐकून बंद केलेली माझी प्रेशरची गोळी चहाआधी घेतली.