अजगराला आग्रह करू नये

पोटभर जेवणाऱ्याचे किस्से होत नाहीत हो! ताट बाजूला सारून बसणाऱ्याचे होतात आणि मग साठतच जातात. आमच्या ग्रुपमध्ये तर इतके साठलेत की कुठल्याही पार्टीत कुणी सॅलड उरवलं तरी मला एखादा आठवतो.

ग्रुप छोटाच. मी डब्लिनच्या ओंगारमध्ये, केदार गॉलवेला, वैशाली मलिंगारला. तिघं मराठी आणि तिघांच्या घरी एकेक बॉल पायथन. ही अजगराची छोटी, भित्री जात. घाबरली की अंगाचा चेंडू करून बसते. थंडी पडली, कात टाकायची वेळ आली, पेटी जरा हलवली, कशानेही हे प्राणी जेवण सोडतात. महिनोन् महिने! २०२० च्या हिवाळ्यात, लॉकडाउनमध्ये, तिघांच्याही अजगरांनी एकदमच संप पुकारला. मग काय, आमचा रोज व्हिडिओ कॉल.

* * *

आमचा गुंडू कागदोपत्री माझ्या लेकीचा, इराचा. आणायच्या आधी तिची घोषणा होती, "मम्मी, आय'ल डू एव्हरीथिंग!" त्यातलं एव्हरीथिंग आता मी करते.

गुंडूचं खाणं म्हणजे फ्रोझन उंदीर. ते मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. आता मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात काय असतं? खवलेलं खोबरं! कोल्हापूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या माझ्या सासूबाईंनी एक दिवस आमटीसाठी फ्रीझर उघडला. मी वर लॅपटॉपवर. एकदम आठवलं आणि धावत खाली आले.

सासूबाई शांतपणे डब्याचं झाकण लावत होत्या.

"खोबरं संपलंय गं," त्या म्हणाल्या, "आणि उंदीर पण दोनच ऱ्हायल्यात."

* * *

पण गुंडू जेवत नाही हे कळल्यावर मात्र त्यांची शांती गेली. घरात कुणी उपाशी आहे हे त्यांना सहनच होत नाही. चिमट्यात उंदीर धरून त्या पेटीसमोर बसायच्या. "घे की रं बाळा, एवढा एकच! माझ्यासाठी घे!" गुंडूने तोंड फिरवलं की यांनी चिमटा त्या बाजूला न्यायचा. शेवटी तो चेंडू व्हायचा.

एक दिवस कॉलवर केदारने हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, अजगराला आग्रह करायचा नाही! त्याला ताण येतो. एकदाच विचारायचं. नाही म्हणाला की उचलून ठेवायचं आणि आठवडा-दोन आठवडे पुन्हा विषयच काढायचा नाही."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "ह्यो पोरगा पुण्याचा काय?"

होता!

* * *

या पुण्याच्या पोराचं स्वतःचं काय चाललं होतं, तेही ऐका. अजगराला समोरच्या वस्तूची ऊब जाणवते. उंदीर गार असला तर हे अन्न आहे यावर त्याचा विश्वासच बसत नाही. म्हणून केदार वितळलेल्या उंदराचं डोकं हेअर ड्रायरने गरम करायचा. तो मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत इंजिनियर, घरून काम. एका मीटिंगमध्ये 'आपलं काही बोलणं नाही' म्हणून त्याने ड्रायर लावला. माइक चालू, कॅमेराही चालू!

मॅनेजर आयरिश. स्क्रीनकडे वाकून म्हणाला, "केदार, इज दॅट अ रॅट?"

"येस."

"आर यू ड्राइंग हिज हेअर?"

"येस."

"ग्रँड," मॅनेजर म्हणाला. "नेक्स्ट स्लाइड, प्लीज."

* * *

गुंडूला मी व्हेटकडेही नेलं. साप नेतात उशीच्या अभ्र्यात, तोंडाला गाठ मारून. घरात धुतलेला अभ्रा एकच, सासूबाईंनी भरतकाम केलेला, मोरांच्या जोडीचा. तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला कारण लागायचं. रस्त्यात गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, गाडी थांबवली आणि खिडकीत वाकून विचारलं, कुठे निघालात?

"टू द व्हेट. माय पायथन इज नॉट ईटिंग."

"अँड वेअर इज युअर मॅन?" इथे 'युअर मॅन' म्हणजे नवरा नव्हे, 'तो बुवा'.

मी मांडीवरच्या मोरांकडे बोट दाखवलं. मोर हलले.

दोन मीटरचं अंतर ठेवा म्हणून सरकार वर्षभर लोकांच्या कानीकपाळी ओरडत होतं. त्या माणसाने ते एका उडीत पाळलं!

व्हेटने गुंडूचं वजन केलं आणि म्हणाली, हा तर अंमळ जाडच आहे. पेटीवर टॉवेल टाका आणि बघणं बंद करा. नाताळात गुंडूने गुपचूप दोन उंदीर संपवले.

* * *

वैशालीची राणी मात्र खरंच वाळत चालली होती. वैशाली मलिंगारच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. नवरा व्हिसाअभावी नाशिकला, ही एकटी. जानेवारीत तिच्या वॉर्डात काय चाललं होतं ते ती सांगायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही. ड्यूटीवरून आली की पेटीसमोर बसून राणीकडे बघत राहायची. टॉवेल टाक म्हटलं तरी उचलून बघायची.

एक दिवस दुपारी ग्रुपवर तिचा मेसेज आला. "राणीला कुणाला तरी देऊन टाकते. माझ्या हातून सध्या कुणीच बरं होत नाहीये."

मला रडूच आलं. सासूबाईंनी मेसेज वाचायला लावला आणि म्हणाल्या, "लाव तिला फोन."

केदारही आला कॉलवर. बाहेर अंधारून आलं होतं. वैशालीचा चेहरा पार उतरलेला.

"आज काय जेवलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"काकू, राणीला उंदीर ठेवलाय आत्ताच, पण..."

"तुझं विचारतोय मी."

"चहा-टोस्ट."

"आणि काल?"

वैशाली टेबलावरचे टोस्टचे कण गोळा करू लागली.

"कुकर लाव. मी हाय हितंच."

कुकर होईपर्यंत सासूबाई खरंच फोनसमोरून हलल्या नाहीत. वैशालीने वरण-भात वाढून घेतला, वर तूप घेतलं आणि फोन टेबलावर टेकवून पेटीकडे तोंड करून बसली.

"तिकडं पाठ कर!" सासूबाई कडाडल्या. "जेवणाऱ्याच्या तोंडाकडं कुणी बघत बसतंय व्हय?"

तिने खुर्ची फिरवली, फोनही फिरवला. आता आम्हाला समोर वैशाली दिसत होती आणि तिच्या खांद्यामागे पेटी. पहिला घास तिने कसाबसा गिळला. दुसरा जरा बरा गेला. मग ती मान खाली घालून भराभर जेवायला लागली, नाक पुसत, भुकेल्या पोरीसारखी.

मागे पेटीतल्या लपायच्या डब्यातून राणीचं डोकं हळूच बाहेर आलं.

केदारने तोंडावर हात दाबला. मी श्वास रोखला. राणी थांबली, जीभ लपलपली, पुन्हा थांबली आणि उंदरावर खाडकन झेपावली. काच वाजली.

वैशालीचा घास हातातच राहिला. "काय झालं?"

"काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "भात घे आणखी."